लाचेनचं बियाणं

कपाळावरचा पट्टा जरा वर घ्या, नाहीतर भुवई सोलून निघेल. पाठीवर वेताची टोपली आहे, टोपलीत टीपकागदांचे गठ्ठे, आणि गठ्ठे भिजून दुप्पट जड झालेले. साल 1849, महिना जून. झेमू नदी जिथे लाचेनच्या प्रवाहाला मिळते, त्या उत्तर सिक्कीममधल्या खोऱ्यात तुम्ही उभे आहात. उंची सुमारे नऊ हजार फूट. तुम्ही लेपचा, वय अठरा-एकोणीस, पाय अनवाणी, कमरेला ‘बान’ म्हणजे लांब सुरा. खालच्या जंगलात जळवांनी फोडलेल्या पिंडऱ्या अजून चिघळताहेत आणि आता त्यावर पिप्सा नावाची बारीक काळी माशी बसते आहे. ती बसताना कळत नाही. उठली की कातडीवर रक्ताचा ठिपका राहतो.

पुढे चाललाय तो जोसेफ हूकर. याच महिन्याच्या शेवटी त्याला बत्तीस पूर्ण होतील. नाकावर चष्मा, अंगभर खिसे आणि प्रत्येक खिशात एखादं तरी उपकरण. दर मुक्कामाला तो पाणी उकळायला ठेवतो आणि त्यात थर्मामीटर बुडवतो. पहिल्यांदा तुम्हाला वाटलं चहा होणार. पाणी किती अंशांवर उकळतं त्यावरून डोंगर किती उंच ते काढतात, हे कळल्यावर तुमची निराशाच झाली असेल, कारण पोटात काही नाही. दार्जिलिंगहून येणारा तांदूळ वाटेतच अडलाय. सिक्कीमच्या दिवाणाला हा गोरा इथे नको आहे, आणि लाचेनचा पिपोन, म्हणजे गावचा मुखिया, ‘तिबेटची हद्द इथूनच सुरू होते, मागे फिरा’ म्हणून रोज नवी सबब सांगतो. माणसं रानातला पाला उकडून खाताहेत. साहेब मात्र मागे फिरत नाही. त्याला फुलं हवी आहेत.

फुलं आहेतच. वर बघा. डावीकडच्या उतारावर तांबडी, त्याच्या वर पांढरी, पलीकडे पिवळी, मध्येच जांभळट गुलाबी. सगळा गुरांस. इंग्रज त्याला रोडोडेंड्रॉन म्हणतात. दार्जिलिंगहून निघताना गुरांस म्हणजे एक लाल झाड एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. इथे दर हजार फुटांवर झाड बदलतं, पान बदलतं, वास बदलतो. वर बर्फाच्या कडेला तर तो झाड राहतच नाही, घोट्याएवढं झुडूप होतो आणि पानं चुरडली की उग्र राळेचा दर्प येतो. उंचावर डोकं दुखतं ते या वासाने, असं भोटिया लोक सांगतात. डोकं विरळ हवेने दुखतं, पण वासाला बोल लावणं सोपं.

बागेतल्या हिरवळीवर उभं राहून रोडोडेंड्रॉनचं कौतुक करणाऱ्यांना एक गोष्ट कधी कळत नाही, ती तुम्हाला आज नडगीवर कळणार आहे. दहा ते तेरा हजार फुटांच्या पट्ट्यात हे रान माणसाला आत घेत नाही. हिवाळाभर बर्फाच्या ओझ्याने खोडं उताराच्या दिशेने लवतात आणि तशीच वाढतात. कमरेच्या उंचीवर आडवी, चिवट, एकमेकांत गुंतलेली. बान मारला तर तो उसळून परत येतो. खालून जावं तर टोपली अडकते, वरून जावं तर पाय सटकतो. हूकरने घरी लिहिलेल्या पत्रात कबूल केलंय की या झुडपांतून वाट काढून पायांची अशी दशा झाली, की त्या वैभवाचा वीट यावा. त्याच्या टोपल्या कोण वाहत होतं, हे तुमच्या पिंडऱ्यांना ठाऊक आहे.

जरा टोपली टेकवा. समोरच्या झाडाचं एक पान तोडा. हे झाड पुढे ‘फाल्कनेराय’ म्हणून ओळखलं जाईल. पान हातभर लांब, वरून गडद हिरवं आणि शिरांनी सुरकुतलेलं. आता उलटं करा. खालची बाजू गंजाच्या रंगाच्या दाट लवेने भरली आहे, बोट फिरवलं तर बोटाला तांबूस भुकटी लागते. खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटतेय आणि आतलं खोड गुळगुळीत आहे. फुलांचा झुबका मलईच्या रंगाचा, प्रत्येक घंटेच्या तळाशी जांभळा डाग. त्याच्या शेजारचा ‘हॉजसोनाय’ तुमच्या ओळखीचा आहे, कारण त्याचा उपयोग होतो. त्याच्या लाकडाचे पेले आणि चमचे होतात, याकच्या पाठीवरचं खोगीर होतं. पान चकचकीत आणि मोठं, म्हणून लोणी किंवा दही कुणाला भेट द्यायचं तर त्यातच गुंडाळून देतात. तुम्ही पान बघून वापराचं काढता, हूकर पान बघून नाव काढतो.

नावांचं सांगायलाच हवं. फाल्कनर हा कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. हॉजसन हा दार्जिलिंगमधला यजमान. थॉमसन हा मित्र. कॅम्पबेल दार्जिलिंगचा सुपरिंटेंडंट, त्याच्या बायकोच्या नावानेही एक गुरांस आहे. आणि सर्वांत देखणा, टोंगलूच्या डोंगरावर ओकच्या फांदीवर शेवाळात मुळं रोवून बसणारा, ज्याच्या हाताएवढ्या पांढऱ्या घंटांना लिंबाचा मंद वास येतो, तो ‘डलहौसीये’. गव्हर्नर जनरलच्या पत्नीचं नाव. हूकर हिंदुस्थानात आला तो डलहौसीच्याच जहाजातून, जानेवारी 1848 मध्ये कलकत्त्याला उतरला. त्याच वर्षी सातारचे छत्रपती आप्पासाहेब वारले आणि याच डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला. मराठी माणसाने या फुलाचं लेबल वाचावं आणि क्षणभर थांबावं, एवढंच म्हणतो. असल्या उंच फांदीवर चढून फुलं खाली आणणाऱ्या एकाही लेपचा पोराच्या नावाचा गुरांस नाही.

तुम्ही इथे उपाशी असताना, त्याच वर्षी, लंडनमध्ये ‘सिक्कीम-हिमालयातील रोडोडेंड्रॉन’ या ग्रंथाचा पहिला भाग बाहेर पडतो. हूकरने डोंगरातून पाठवलेल्या रेखाटनांवरून वॉल्टर फिच या चित्रकाराने मोठाले रंगीत शिळाछाप केले आहेत आणि क्यू बागेचा संचालक असलेल्या हूकरच्या वडिलांनी संपादन केलं आहे. दिवाणखान्यात पानं उलटतात, सुस्कारे निघतात. पण चित्र पेरता येत नाही. सगळ्यांना आता बी हवं आहे.

म्हणून पाच महिने पुढे या. नोव्हेंबर. रंग गेले. फुलांच्या जागी तपकिरी, बोटाच्या पेराएवढी बोंडं उभी आहेत. ती टोकाकडून उकलतात, त्यामुळे वेळ साधावी लागते. अगोदर तोडलं तर बी कच्चं, आठवडा उशीर झाला तर वाऱ्याने नेलेलं. तुमची बोटं गारठून वाकत नाहीत. बोंड वाकवून कागदावर झटका. पडलं ते बी आहे का कचरा, हे ठरवायला डोळे बारीक करावे लागतात. तपकिरीसारखं आहे, शिंकलात तर शंभर झाडं गेली. एका बोंडात अशी शेकड्यांनी बी असतात. पुडी करा आणि वर लिहून घ्या: कुठला डोंगर, किती उंची, फुलाचा रंग काय होता. लिहिणार साहेब, पण रंग तुम्हाला आठवायला हवा, कारण आता सगळी बोंडं सारखीच दिसतात.

याच महिन्यात ते घडलं. कॅम्पबेलही आता बरोबर आहे. चो ला खिंडीतून तिबेटच्या बाजूला डोकावून परत येताना, 7 नोव्हेंबरला, दिवाणाच्या माणसांनी कॅम्पबेलला पकडलं, बांधलं, मारलं, दोऱ्या पिरगाळल्या. हूकरला मारहाण झाली नाही, पण सोडलंही नाही. दोघांना राजाच्या राजधानीच्या, तुमलोंगच्या दिशेने नेलं. पुढे कॅम्पबेल पहाऱ्यात, मागे हूकर. आणि चालता चालता हूकर काय करतोय बघा: वाटेच्या कडेच्या झुडपांवरून गुरांसचं बी गोळा करतोय. त्याने स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. याला निष्ठा म्हणावं की कोडगेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मित्राला सोडवणं त्याच्या हातात नव्हतं हे खरं, आणि बोंडं पुढच्या आठवड्यात थांबणार नव्हती हेही खरं.

24 डिसेंबरला दोघं सुखरूप दार्जिलिंगला पोचले. इंग्रजांनी त्याची किंमत पुरेपूर वसूल केली. दार्जिलिंगच्या मोबदल्यात सिक्कीमच्या राजाला मिळणारे वर्षाचे सहा हजार रुपये बंद झाले आणि तराईचा मुलूख कंपनीने घशात घातला. राजाची तक्रार अगदीच खोटी नव्हती; परवानगी नसताना हद्दी ओलांडल्या गेल्याच होत्या. मुलूख गेला, वर्षासन गेलं, आणि पुड्या सुखरूप जहाजावर चढल्या.

आता अंगावरचं घोंगडं उतरवा आणि जाड लोकरीचा कोट घाला. साल 1851 धरा. इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक, कॉर्नवॉल, हेलिगन नावाची वाडी. तुम्ही माळी आहात, वय चाळिशीचं. क्यूहून बड्या बागवाल्यांना सिक्कीमचं बी वाटलं गेलंय. त्यातली चिमूटभर पुडी तुमच्या तळहातावर आहे आणि मालक दारात उभा राहून विचारतोय, ‘हिंदुस्थानातलं ना? मग काचघरात, शेगडीशेजारी ठेव.’

ऐकू नका. हिंदुस्थान म्हणजे उकाडा हा हिशेब चुकीचा आहे. जून महिन्यात लाचेनवर तुम्ही कुडकुडला होतात.

कुंडीत खाली विटांचे तुकडे, वर चाळलेली काळी पाणथळ माती म्हणजे पीट, त्यात थोडी वाळू. चुना नको, चुनखडीच्या विहिरीचं पाणीही नको. पावसाचं साठवलेलं पाणी घ्या आणि कुंडी तळातून भिजू द्या, वरून झारी मारलीत तर बी एका कोपऱ्यात गोळा होईल. बी नुसतं पसरा. झाकू नका, मातीची एक चिमूटसुद्धा नको. याला उजेड लागतो. वर काच ठेवा, ऊन थेट नको. दोन-तीन आठवड्यांत हिरवा धूसरपणा दिसेल. तो शेवाळ की रोपं, हे ओळखायला भिंग घ्या. बहुतेक वेळा दोन्ही असतं, आणि शेवाळ जिंकतं. चिमट्याने ते वेचत बसा. पहिल्या हिवाळ्यापर्यंत रोप नखाएवढं होईल. त्याची मुळं केसांसारखी बारीक आणि वरच्यावर पसरणारी, म्हणून जमिनीत लावताना खोल पुरायचं नाही, बुंध्याशी खुरपं चालवायचं नाही, सडलेल्या पानांचं पांघरूण घालायचं आणि पाणी साचू द्यायचं नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर समजा मुळांना चुना भेटला.

कॉर्नवॉलमध्ये आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हे झाड रमलं, कारण तिथे धुकं आहे, पाऊस आहे, माती आंबट आहे आणि समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे थंडी कडाका करत नाही. एखाद्या रात्री पारा उतरलाच तर सकाळी बाहेर जाऊन बघा: पानं देठातून खाली लोंबतात आणि लांबीच्या दिशेने गुंडाळून सुरनळी होतात. झाड मेलं म्हणून हाय खाऊ नका. ऊब आली की पान पुन्हा उलगडतं. सिक्कीमच्या थंडीत हे तुम्ही बघितलं होतंत.

फूल कधी येईल? फाल्कनेरायला पंधरा-वीस वर्षं. मालक विचारेल तेव्हा ‘लवकरच’ म्हणा.

साल 1870. तुमची साठी आली, गुडघे गेले. एप्रिलमध्ये पहिला मलईच्या रंगाचा झुबका उमलतो. घंटेत डोकावा. तळाशी तोच जांभळा डाग.

इथून पुढे वेगाने चला, कारण पुढचं शतक हौसेचं आहे आणि हौसेच्या गोष्टी एकसारख्या असतात. 1901 मध्ये ससेक्समधल्या लेनर्ड्सलीत सिक्कीमच्या ‘ग्रिफिथियानम’चा चीनच्या ‘फॉर्च्युनाय’शी संकर होतो आणि ‘लोडेरी’ जन्मतो. प्रचंड फूल, मधुर वास, घरोघरी मागणी. मला तो आवडतो, पण जातिवंत झाडाला पत्ता असतो, अमुक खोरं, अमुक उंची, अमुक पाऊस, आणि संकराला फक्त वंशावळ असते. 1905 मध्ये जॉर्ज फॉरेस्ट हा स्कॉटिश संग्राहक युनान-तिबेटच्या सीमेवर जीव घेऊन पळतो, मागावर सशस्त्र लामा असतात, सगळा संग्रह जातो. तो वाचतो आणि पुन्हा जातो, 1932 मध्ये युनानमध्येच मरेपर्यंत जात राहतो. त्याच्या पुड्यांवर क्रमांक असत. एडिंबराच्या बागेत प्रोफेसर बाल्फोर त्या क्रमांकांवरून जाती लावत बसे. क्रमांक हरवला की झाड उरतं, पत्ता जातो.

संग्राहकाचं खरं दुखणं इथे आहे. सिक्कीमचा गुरांस आणि युनानचा गुरांस डोंगरात एकमेकांना कधी भेटले नसते, बागेत शेजारी उभे आहेत. मधमाशीला सरहद्द कळत नाही. बागेतल्या झाडाचं बी पेरलंत तर काय उगवेल ते माशीला ठाऊक. म्हणून फूल उमलायच्या आत मलमलीची पिशवी बांधायची, ब्रशने आपणच पराग लावायचा, किंवा फांदी जमिनीत दाबून कलम करायचं. मोठ्या पानांच्या जाती काडीने लागायला फार त्रास देतात. जुन्या माळ्यांनी सोपा मार्ग काढला, ‘पाँटिकम’ या दणकट जातीवर कलम बांधायचं. मग खालून पाँटिकमचे धुमारे फुटले आणि वरच्या पाहुण्याला खाऊन बसले. आज ब्रिटनच्या जंगलांत पाँटिकम तणासारखा माजलाय आणि झाडं मारणाऱ्या फायटोप्थोरा या रोगाला आसरा देतो, म्हणून सरकारी खर्चाने तोडला जातो.

ऑगस्ट 1914, हेलिगन. तुम्ही आता माळ्याच्या हाताखालचं पोर. शौचालयाच्या भिंतीवर सगळ्यांनी पेन्सिलीने नावं लिहिली, तुम्हीही लिहिलंत. मग सगळे फ्रान्सला गेले. बरेच परत आले नाहीत. काचा फुटल्या, काटेरी वेल वाढले, बागेला कुणी वाली राहिला नाही.

1990 मध्ये कोयता घेऊन आत शिरणाऱ्यांच्या मागोमाग या. त्यांना भिंतीवरची नावं सापडतात आणि रानात हूकरच्या बियांची झाडंही. काही खोडं जमिनीवर आडवी झालीत, टेकलेल्या जागी मुळं सोडून पुन्हा उठलीत. नडगी सांभाळा. सत्तर वर्षं कुणी बघितलं नाही तेव्हा हे झाड बागेतलं वागणं विसरून लाचेनसारखं वागलं.

आता तुमच्या स्वतःच्या वयात परत या, पण वाटेत एकदा झेमूच्या संगमावर थांबा. 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री वरचं साउथ ल्होनाक हिमसरोवर फुटलं. पाणी याच वाटेने उतरलं, चुंगथांगचं धरण घेऊन गेलं, पूल गेले, माणसं गेली. गुरांसचं रान उतारावर उंच असतं म्हणून बहुतांशी वाचलं. पण बर्फाची रेषा वर सरकते तसं उंचावरच्या ठेंगण्या जातींना सरकायला जागा उरत नाही; शिखराच्या वर डोंगर नसतो.

लाचुंगच्या बाजूला युमथांगच्या वाटेवर शिंगबा अभयारण्य आहे, पश्चिम सिक्कीमला बारसे. एप्रिलअखेर ते मे हा मोसम. पुण्या-मुंबईच्या गाड्या तेव्हा रांगेने असतात, फोटो निघतात, आणि परतीच्या सामानात कुणी ना कुणी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप कोंबतं. ते रोप आपल्या बाल्कनीत पहिला एप्रिल बघत नाही. उष्णता, बोअरचं क्षारयुक्त पाणी, कुंडीतली काळी माती, सगळंच त्याच्या जिवावर उठतं. महाराष्ट्रात कुठेही गुरांस रानात उगवत नाही. सह्याद्रीच्या रांगेत तो भेटतो थेट निलगिरीच्या उंचीवर. शिवाय अभयारण्यातून उपटणं हा गुन्हा आहे, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर बी परदेशी नेणं ही तर हूकरच्या काळातली चैन राहिलेली नाही.

ज्यांना लावायची हौस आहे आणि हवामान सोबतीला आहे, त्यांनी जरूर लावावा. सिॲटलला मुलांकडे जाणारे आपले आईबाबा पुष्कळ आहेत. तिथून जवळ फेडरल वे इथे फक्त जातिवंत रोडोडेंड्रॉनची मोठी बाग आहे, सिक्कीमची मंडळीही तिथे आहेत. नातवंडांना घेऊन जा, पान उलटून लव दाखवा. मुलाच्या परसात एक लावायचं ठरलंच, तर रोप घेताना नर्सरीवाल्याला एवढं विचारा: बी कुठून आलं, कुणी आणलं, किती उंचीवरचं. त्याला सांगता आलं नाही तर पैसे परत खिशात ठेवा.